पोटात काय काय ठेवलंय?

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की पुढच्या महिन्यात फक्त पोटाचे प्रश्न घेऊ, पाठवा. पत्रं ढीगभर आली आणि गंमत बघा, बहुतेकांनी पोट चार ओळींत उरकलं आणि मग दोन-दोन पानं नवऱ्याबद्दल नाहीतर बायकोबद्दल लिहिलंय. मला काही नवल वाटलं नाही. बावीस वर्षं डोंबिवलीत दवाखाना चालवतोय, पेशंट सांगत असतो डॉक्टर अ‍ॅसिडिटी आहे आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेली बायको छताकडे बघत असते, तेव्हाच कळतं की प्रकरण नुसतं अ‍ॅसिडिटीचं नाहीये. म्हणून यावेळी मुद्दाम तीच पत्रं घेतली. नावं काढून टाकलीत, बारीकसारीक तपशील बदललेत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. माझं वय ३६, लग्नाला नऊ वर्षं झाली, बदलापूरला राहतो. मिस्टरांना सारखं पोटाचं काहीतरी असतं, सकाळी तीन-चार वेळा जावं लागतं, कळ येते, जाऊन आलं की बरं वाटतं. सोनोग्राफी झाली, कोलोनोस्कोपीपण (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले आयबीएस आहे, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतडं हळवं होण्याचा त्रास, टेन्शन घेऊ नका. पण आता कुठेही जायचं म्हटलं की यांचं पोट बिघडतं. माझ्या भावाच्या हळदीला आलेच नाहीत, लग्नाला आले ते अक्षता पडल्या की निघाले. आईने पुरणपोळ्या केल्या तर हे ताक-भात खाऊन उठले, आई अजून बोलून दाखवते. ऑफिसला मात्र रोज जातात! म्हणजे माझ्या माहेरचं काही निघालं की पोट दुखतं असंच ना? वर्षभर हॉलमध्ये झोपतात, म्हणतात पोटात गुडगुडतं. आमच्यात तसं काही उरलेलंच नाही. मी काय समजायचं?

उत्तर: ताई, ‘पोटात दुखणं’ याचा आपल्याकडे एक दुसराही अर्थ आहे आणि तुमच्या आईने बहुतेक तोच धरलाय. पण तुम्ही लिहिलंय ना, ऑफिसला मात्र रोज जातात, तिथे थांबा जरा. कसे जातात ते कधी विचारलंय का?

माझा एक पेशंट आहे, तुमच्याच बाजूचा. सकाळी चहासुद्धा न घेता घर सोडतो, कारण गरम चहा पोटात गेला की मोठं आतडं हलायला लागतं, हे सगळ्यांचंच होतं, त्याचं जरा जास्त होतं. लोकलमध्ये संडास नसतो आणि फास्ट गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये कधी थांबेल याचा नेम नाही. म्हणून हा आत जाऊन बसत नाही, सीट मिळाली तरी नाही, दारापाशी उभा राहतो. कल्याणला, ठाण्याला, घाटकोपरला, दादरला संडास कुठल्या जिन्याजवळ आहे, कुठला सकाळी धुतलेला असतो, कुठे सुटे पैसे लागतात, हे त्याला तोंडपाठ. वरच्या खिशात नेहमी सुटी नाणी. आठवड्यातून दोन-तीनदा मध्येच उतरून मागची गाडी पकडतो आणि ऑफिसात सांगतो गाडी लेट. हे सगळं त्याने माझ्यासमोर सांगितलं तेव्हा बायको बाजूलाच होती, लग्नाला अकरा वर्षं झालेली, तिला यातलं काहीएक माहीत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, मला वाटायचं तुला भाजीची पिशवी आणायचा कंटाळा म्हणून तू रोज वैतागून येतोस.

तर तुमचे मिस्टर ऑफिसला जातात ते पोट बरं असतं म्हणून नाही, त्या रस्त्याचा त्यांनी बंदोबस्त केलाय म्हणून. लग्नाच्या हॉलचा बंदोबस्त होत नाही. तिथे एक संडास, तोही स्टेजच्या मागे, बाहेर तुमच्या आत्या-मावशा रांगेत, आणि आतून बाहेर आलं की कोणीतरी विचारणार, काय जावईबापू, बरं आहे ना? माणूस घरून निघायच्या आधीच ह्याचा विचार करून करून पोट बिघडवून घेतो. बिघडवून घेतो म्हणजे नाटक करतो असं नाही हं. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी मज्जापेशींचं स्वतःचं जाळं असतं, आणि मेंदू ते पोट जी मोठी नस जाते, व्हेगस, तिच्यातले साधारण ८० टक्के तंतू खालून वर निरोप नेणारे असतात. म्हणजे पोट मेंदूला जास्त बोलतं आणि मेंदू पोटाला कमी. भीती वाटली की जी रसायनं सुटतात त्यांनी जठर मंदावतं आणि मोठं आतडं धावायला लागतं, परीक्षेच्या दिवशी आपल्या सगळ्यांचं व्हायचं तेच. आयबीएसमध्ये हे जाळंच हळवं झालेलं असतं, इतरांना जो गॅस कळतही नाही त्याची यांना कळ येते. रिपोर्ट नॉर्मल येतात कारण आतड्याला जखम नसते, त्याचं वागणं बिघडलेलं असतं. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला अगदी निरुपयोगी आहे आणि आम्ही डॉक्टर लोक तो सर्रास देतो, मीसुद्धा दिलाय.

आता पुरणपोळी. चण्याची डाळ, गव्हाची पोळी, वरून दूध, म्हणजे आयबीएसच्या पोटाला त्रास देणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच ताटात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीने अशा पदार्थांची पद्धतशीर यादी केली, त्याला फॉडमॅप डाएट म्हणतात, कांदा-लसूण, गहू, राजमा-चणा, दूध, सफरचंद, आंबा असे आतड्यात आंबणारे पदार्थ काही आठवडे बंद करायचे आणि मग एकेक करून परत आणून बघायचं की नेमकं कोण छळतं. हे जन्मभराचं पथ्य नाही आणि मोबाईलवर वाचून एकट्याने करायचं तर मुळीच नाही, आहारतज्ज्ञ धरा, नाहीतर माणूस दोन वर्षं नुसता भात खात बसतो आणि अशक्त होतो. भात, ज्वारीची भाकरी, काकडी, गाजर, वांगं, पालक यांचा सहसा त्रास होत नाही. आणि एक युक्ती सांगतो, लसणातला जो भाग बाधतो तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही, तेव्हा फोडणीत पाकळ्या चांगल्या तळा आणि काढून टाका, वास-चव राहते आणि पोट गप्प बसतं. हे तुमच्या आईला जरूर सांगा. ‘त्यांना आवडत नाही’ असं सांगू नका, ‘त्यांना चण्याची डाळ झेपत नाही’ असं सांगा. सासू पहिल्याने दुखावते, दुसऱ्याने कामाला लागते.

औषधंही आहेत बरं का. जुनं एक औषध आहे, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, मोठ्या डोसमध्ये डिप्रेशनसाठी द्यायचे, अगदी छोट्या डोसमध्ये ते आतड्याचा हळवेपणा कमी करतं. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ४६३ पेशंटवर त्याची नीट चाचणी झाली आणि औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा जास्त फरक दिसला. डॉक्टरने हे लिहून दिलं तर ‘मला वेडा समजताय का’ म्हणून चिठ्ठी फाडू नका. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचाही, म्हणजे बोलून-बोलून विचारांच्या सवयी बदलायच्या उपचाराचाही उपयोग होतो, पोटासाठीची हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन, तर मँचेस्टरमध्ये १९८४ पासून चालू आहे, ऐकायला जादूटोणा वाटतो पण नाहीये. मात्र शौचातून रक्त पडणं, वजन उतरणं, हिमोग्लोबिन कमी होणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, ताप, यातलं काही असेल तर मी वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि परत तपासून घ्या.

आणि हॉलमधली गादी. मला वाटतं त्यांना वासाची आणि आवाजाची लाज वाटते, दुसरं काही नसावं. एवढंच असेल तर सोपं आहे, पण ते तुम्हालाच आधी बोलावं लागेल, कारण लाजणारा माणूस कधीच आधी बोलत नाही. सकाळी त्रास असणाऱ्यांचं पोट संध्याकाळी बहुधा शांत असतं, जवळ यायला रात्री अकराच कशाला हवेत. आणि कृपा करून रोज ‘आज किती वेळा गेलात’ हे विचारू नका, ती काळजी असते हे मान्य, पण त्याने त्यांचं लक्ष परत पोटाकडेच जातं. पुढचं लग्न निघालं की फक्त एक करा, हॉल बघायला तुम्ही आधी जा, संडास कुठे आहे ते बघून ठेवा आणि त्यांना सांगा. बाकी काही नका बोलू.

प्रश्न: मी २५ वर्षांची आहे, आठ महिन्यांपूर्वी लग्न होऊन सांगली जिल्ह्यात आले. सासरी सात माणसं आणि एक संडास, तो पण हॉलमधून जाऊन, समोरच सासरे पेपर वाचत बसलेले असतात. लग्नाआधी मला काही त्रास नव्हता, आता चार-चार दिवस होत नाही. पोट फुगतं, डोकं दुखतं, रात्री हे जवळ आले तरी नको वाटतं आणि दुखतं पण. हे म्हणतात तुला मी आवडत नाही का. कसं सांगू? हसाल तुम्ही.

उत्तर: अजिबात हसत नाहीये. नव्या सुनांमध्ये मी हे इतक्यांदा बघितलंय की लग्नाच्या याद्या करताना हा प्रश्न आधी विचारायला हवा असं माझं प्रामाणिक मत आहे, सोनं किती आणि संडास किती.

झालंय असं की कळ आली की तू दाबून ठेवतेस, सासरे उठतील मग जाईन, आंघोळीला जाताना जाईन, असं. दोन-तीनदा दाबली की कळ निघून जाते आणि मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं, मग ते कडक होतं, मग दुखतं, मग जायची भीती वाटते. काही महिने असं चाललं की कळच नीट यायची बंद होते. वर तू पाणीही कमी पीत असणार, सारखं लघवीला जायला नको म्हणून, खरं की नाही? आणि लग्नानंतर कोणी रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू केल्यात का ते बघ, त्यांनीही हमखास घट्ट होतं. थायरॉइडची एक टेस्ट करून घे.

सकाळी सगळ्यांच्या आधी वीस मिनिटं उठ, कोमट पाणी पी, काहीतरी खा, केळं म्हण, बिस्किट म्हण, आणि जा, झालं नाही तरी रोज त्याच वेळेला जा. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घे म्हणजे गुडघे वर येतात, भारतीय पद्धतीचा असेल तर प्रश्नच नाही. रात्री इसबगोल दोन चमचे, पण मोठा ग्लासभर पाण्यातून, कमी पाण्यात घेतलंस तर उलटं अडकेल. घरात कोणीतरी सोनामुखीचं चूर्ण देईल, ते एखाद दिवशी ठीक आहे, सवय लावून घेऊ नकोस.

आता दुखण्याचं. ज्या स्नायूंनी तू दिवसभर दाबून धरतेस तेच ओटीपोटाच्या तळाचे स्नायू रात्री सैल पडायला तयार होत नाहीत, म्हणून दुखतं. याचा प्रेमाशी काही संबंध नाही, आणि हे वाक्य नवऱ्याला दाखव, हवं तर अंकच दाखव. महिनाभरात पोट सुरळीत होऊनही दुखत राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, या स्नायूंची फिजिओथेरपी असते, मोठ्या शहरांत मिळते.

आणि नवरोबांना माझा निरोप. तुम्ही त्या घरात जन्मापासून आहात, तुम्हाला तो हॉल ओलांडताना काही वाटत नाही. बाबांना सकाळी सात ते साडेसात गच्चीवर पेपर वाचायला पाठवता येईल का ते बघा, कारण काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, ऊन चांगलं असतं म्हणा. तुमच्या बायकोला आत्ता तुमच्याकडून हवंय ते एवढंच आहे.

प्रश्न: वय ४१, पुण्यात आयटीत. तीन आठवड्यांपूर्वी सायकिअ‍ॅट्रिस्टनी डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम चालू केली. पहिले दहा दिवस मळमळ आणि जुलाब. ते थांबलं पण आता बायकोजवळ जायची इच्छाच होत नाही. तिला गोळ्यांचं सांगितलेलं नाही, तिला वाटतंय बाहेर काहीतरी आहे, मोबाईल चेक करते. शिवाय एका रीलमध्ये पाहिलं की आनंदाचं हार्मोन ९० टक्के पोटातच तयार होतं, मग गोळ्या बंद करून पोटच सुधारलं तर?

उत्तर: रील अर्धं खरं आहे आणि म्हणूनच वाईट आहे. शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं हे बरोबर, पण ते तिथून मेंदूत शिरू शकत नाही, मध्ये गाळणी असते. मेंदू आपलं आपण बनवतो. पोटातलं सेरोटोनिन आतडं हलवायचं काम करतं, आणि म्हणूनच तुमची गोळी चालू झाल्यावर पहिले काही दिवस पोट ढवळलं, गोळी दोन्हीकडे पोचते ना. ते आपोआप थांबलं, थांबतंच बहुधा.

आहाराचा मनाला उपयोग नाही असं मी म्हणत नाहीये. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ६७ डिप्रेशनच्या पेशंटवर प्रयोग झाला, निम्म्यांना बारा आठवडे भाज्या-कडधान्यं-मासे-सुकामेवा असा आहार दिला, निम्म्यांशी नुसत्या गप्पा मारल्या. आहारवाल्यांत ३२ टक्के लोकांचं डिप्रेशन गेलं, गप्पावाल्यांत ८ टक्के. पण त्यातल्या बहुतेकांची औषधं किंवा थेरपी चालूच होती, गोळ्या फेकून भाकरी खा असं कोणी सांगितलं नव्हतं. छोटाच प्रयोग होता तो, तेवढंच त्याला महत्त्व द्या.

इच्छा कमी होणं हा या गोळ्यांचा नेहमीचा साइड इफेक्ट आहे, पुरुष-बायका दोघांतही, आणि मुळात डिप्रेशननेही तेच होतं. डॉक्टरना स्पष्ट सांगा, डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, बुप्रोपिऑनसारख्या गोळीत हा त्रास कमी असतो. मनाने बंद मात्र करू नका, एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, डोक्यात शॉक बसल्यासारखं होतं.

बायकोला आज रात्री सांगा. मला कल्पना आहे की ‘मला डिप्रेशन आहे’ हे शब्द घशातून बाहेर येत नाहीत, मग गोळ्यांचं पाकीट तिच्यासमोर ठेवा आणि सांगा, मोबाईलमध्ये नाही, हे इथे होतं. पुढच्या व्हिजिटला तिला घेऊन जा. मध्येच कधी फार वाईट वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास.

प्रश्न: लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने कपल प्रोबायोटिक पॅक आणलाय, पोटातल्या चांगल्या जंतूंच्या गोळ्या, दोघांसाठी. म्हणतो नवरा-बायकोचे पोटातले जंतू जुळले की भांडणं कमी होतात. खरंच?

उत्तर: हा हा. उलट आहे हो! अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये २०१९ मध्ये तपासलं तर नवरा-बायकोचे आतड्यातले जंतू सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त सारखे निघाले, आणि तेही जी जोडपी म्हणाली आमचं एकमेकांशी चांगलं जमतं, त्यांचेच. त्यातून जंतूंमुळे जमलं असं काही सिद्ध होत नाही, एका ताटात जेवणारे ते. ओहायोतला २०१८ चा एक प्रयोग तर मला फारच आवडतो, ४३ जोडप्यांना खोलीत बसवून मुद्दाम घरातल्या वादाच्या विषयावर बोलायला लावलं, व्हिडिओ काढला, आधी-नंतर रक्त घेतलं. जे एकमेकांना जास्त टोचून बोलले, डोळे फिरवले, त्यांच्या रक्तात आतड्यातले जंतू भिंतीतून झिरपल्याची खूण जास्त सापडली. अमेरिकेतच १८२२ मध्ये एकाला पोटात गोळी लागून भोक राहिलं होतं, त्याच्या डॉक्टरने त्यातून वर्षानुवर्षं जठरात डोकावून बघितलं आणि लिहून ठेवलं की हा चिडला की पचन बिघडतं. एवढं जुनं आहे हे. पॅक संपवा, पैसे दिलेत तर. पुढच्या वर्षी साडी मागा.

प्रश्न: माझं वय ६६. हे रिटायर होऊन चार वर्षं झाली. दिवसभर ढेकर आणि गॅस, आणि दोष माझ्या स्वयंपाकाला. चाळीस वर्षं हाच स्वयंपाक चालला! आता म्हणतात डाळ कच्ची असते, तेल जास्त असतं, ओट्याशी येऊन उभे राहतात. मी वैतागून सहा महिने बोलणंच कमी केलंय. यांना पाच वर्षं शुगर आहे, बाकी काही नाही.

उत्तर: काकू, ‘बाकी काही नाही’ म्हणता त्यातच सगळं आहे. काकांच्या शुगरच्या गोळ्यांचं पाकीट घ्या, चष्मा लावा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. त्यात मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी दोन नावं आहेत का? मेटफॉर्मिनने पोट बिघडतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. व्होग्लिबोज काय करतं, भात-पोळीतली साखर लहान आतड्यात सुटायला उशीर करतं म्हणजे जेवणानंतर शुगर चढत नाही, पण न पचलेलं ते सगळं खाली मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जंतू त्याच्यावर ताव मारतात. मग गॅस होणार नाही तर काय होणार. स्वयंपाक तोच होता, गोळी नवी होती.

गोळी तुम्ही बंद करायची नाही, पाकीट घेऊन डॉक्टरकडे जायचं, बदलून मिळते, डोसही कमी होतो. गोळीत हे नाव नसेल किंवा वजन उतरलं असेल, भूक मेली असेल, काळी शौच होत असेल तर या वयात दुर्बिणीची तपासणी टाळू नका. काकांना हे उत्तर मोठ्याने वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही. फक्त पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की आठवड्यातून दोनदा वालाची उसळ करता, तर त्या बाबतीत, काकू, मी तुमच्या बाजूने साक्ष देऊ शकत नाही.